बाईंची पोर्तुगीज शिकवणी

बाई,

तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. मी "बाई फार चांगल्या होत्या" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "भाऊसाहेब, चारच शब्द? त्यातला एक तर मीच आहे की!"

बाकीचे मात्र भरपूर बोलले. तुम्ही पहिलीला किती वर्षं शिकवलं, किती पिढ्या घडवल्या, आवाज किती गोड होता. आवाज गोड होता म्हणणाऱ्यानं तुम्हाला डब्याच्या सुट्टीत ओरडताना ऐकलेलं नसावं. पण एकाही माणसानं पोर्तुगीजचं नाव काढलं नाही. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी सोलापुरात बसून तुम्ही पोर्तुगीज क्रियापदं टाळ्यांवर फोडायला शिकलात, 'लेव्हांताव्हामुनुश' या शब्दाला सहा टाळ्या लागतात हे तुम्हाला झोपेतही सांगता आलं असतं, हे त्या हॉलमध्ये फक्त मला आणि माझ्या बायकोला, शकूला, ठाऊक होतं. आणि मी गप्प बसलो.

म्हणून हे लिहितो आहे. जन्मभर शाळेत कारकून होतो, कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसा मीही झालो. कागदावर मला कुणाची भीती वाटत नाही. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्ही गुरुवारी गेलात. त्याआधी सोमवारी मी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं. ते खोडायला उसंतच मिळाली नाही.

पण ते नंतर. आधी तुमच्याशी थोडं भांडू द्या.

दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवते? तुम्ही शेजारच्या घरातून फोन हातात धरून आलात आणि चप्पल न काढताच आत शिरलात. तुमचा श्रीनिवास नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन पोर्तुगालला गेला त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. तुमची नात रेवा तिथल्या शाळेत बसायची. बसायची एवढंच. सहा महिन्यांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिथं र चा उच्चार घशातून करतात, त्यामुळे सगळे तिला 'हेवा' म्हणायचे, आणि ती ते नाव आपलं नाही अशा थाटात खिडकीबाहेर बघत राहायची. शाळेनं कळवलं होतं की असंच चाललं तर तिला आहे त्याच वर्गात ठेवावं लागेल.

"सूनबाई रडतीय," तुम्ही म्हणालात. "आणि रेवाला रोज शब्द फोडायचा गृहपाठ आहे. क्रियापदं घ्यायची आणि त्यांचे तुकडे पाडायचे. शब्द फोडणं हे माझं काम आहे, भाऊसाहेब. चौतीस वर्षं तेच केलंय."

"बाई, तुम्हाला पोर्तुगीज येत नाही," मी म्हणालो.

"पहिलीत बसले तेव्हा मला मराठी तरी कुठं येत होतं?"

ते खरंच होतं. तुमचं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात माग, बोलणं सगळं तेलुगू. पहिलीत तुम्हीही निम्मं वर्ष मुक्या बसला होतात. तुमच्या बाईंनी तुम्हाला बोल म्हणून कधी टोकलं नाही. नुसत्या शेजारी बसून शब्दांवर टाळ्या वाजवायच्या. पा-टी, टाळी टाळी. फ-ळा, टाळी टाळी. एके दिवशी टाळीबरोबर तुमचं तोंडही उघडलं, आणि मग ते पुन्हा मिटलं नाही, हे आमच्या स्टाफरूमला चांगलंच माहीत आहे.

तर पहिल्या रविवारी तुम्ही एकटीनंच शिकवणी घेतलीत, आणि पहिल्याच गृहपाठात नातीला लाल शाईनं न्हाऊ घातलंत. दहापैकी आठ चूक. चूक तुमची होती, आणि ती तुम्हीच करू शकत होतात. तुम्ही 'फाल्तास्सेमुश' हा शब्द आपल्या बाराखडीच्या हिशेबानं फोडलात: फा, ल्ता, स्से, मुश. आपल्याकडे जोडाक्षर फुटत नाही, अर्धं अक्षर पुढच्याच्या गळ्यात पडतं. तिकडं अर्धं अक्षर मागच्या घरी राहतं: फाल्, तास्, से, मुश. पोरीनं बिचारीनं तुमची टाळी ऐकून तसंच लिहिलं. सातासमुद्रापलीकडच्या वहीत सोलापूरची पहिली 'अ' उतरली.

तुम्ही खजील होऊन माझ्याकडे आलात. मी मात्र मनातून खूश झालो होतो, आज कबूल करतो. निवृत्तीनंतर नियमांचं पुस्तक हातात यावं असं काही घडलंच नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानातून मी चाळीस पानं प्रिंट काढून आणली, दुकानदारानं विचारलं, "काका, गोव्याला जमीन घेतली काय?" आठवडाभर मी पोर्तुगीज अक्षरं देवनागरीत उतरवत होतो. फोनवर उच्चार ऐकायचा, लिहायचा, पुन्हा ऐकायचा. शकू म्हणायची, "पेन्शनीचं कागद बी कदी इतकं मन लावून वाचलं न्हाईत."

मग आपली जोडी जमली. दर रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडं सकाळी. तुम्ही फोनसमोर. मी टेबलाच्या कडेला, फोनला दिसणार नाही असा. जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मोठ्या अक्षरात शब्द लिहायचो, तुकड्यांमध्ये रेघा मारायचो आणि कागद तुमच्याकडे सरकवायचो. तुम्ही टाळ्या वाजवायच्या. ज्या तुकड्यावर जोर असेल तिथं टाळीऐवजी टेबलावर बुक्की. ले, व्हां, धप्प, व्हा, मु, नुश! त्या धप्पला दर वेळी माझा चहा बशीत सांडायचा. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी एकदा विचारलंही की रविवारचं भजन सगळ्यांसाठी खुलं आहे का.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या दोन 'स'चं. नियम सांगतो, जोडीनं आलेले दोन स एकमेकांपासून तोडायचे, एक या घरात, एक त्या घरात. तुम्ही म्हणायच्या, "तोंडात एकच स येतो. एकुलत्या एका स ला दोन घरांत कसा ठेवू?" मी पान क्रमांक दाखवायचो. तुम्ही म्हणायच्या, पान बोलत नाही, पोरगी बोलते. मी म्हणायचो, मार्क पान देतं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघायच्या. हे भांडण मिटलेलं नाही बाई, आणि तुम्ही गेलात म्हणून मी जिंकलो असंही समजू नका. पण नियम माझ्याच बाजूनं आहे.

तेलुगूवाल्या दिवशी मात्र मी हरलो. 'आम्ही बोलतो' ला पोर्तुगीजमध्ये 'फालामुश' म्हणतात असं मी लिहून सरकवलं, आणि तुम्ही टाळी वाजवायच्या ऐवजी हसायलाच लागलात. "भाऊसाहेब, अहो आमच्या घरातलाच मु आहे हा! मेमु माट्लाडतामु. आम्ही बोलतो. आम्ही म्हटलं की शेवटी मु!" असलं काही त्या चाळीस पानांत नव्हतं. रेवाला तुम्ही ते लगेच सांगितलंत आणि पलीकडून पहिल्यांदा मोठ्यानं हसू ऐकू आलं. तोवर ती फक्त ओठ हलवायची. त्या दिवशी ती 'फालामुश, माट्लाडतामु, फालामुश, माट्लाडतामु' असं घरभर ओरडत पळत होती. तुम्ही फोन ठेवलात आणि पदरानं चष्मा पुसत बसलात. मी कागद गोळा करण्याचं नाटक केलं.

आणि ती भरलेली क्रियापदं! क्रियापद मधोमध चिरायचं, आत 'तुला' किंवा 'आम्हाला' ठेवायचं आणि पुन्हा मिटवायचं. 'कोंतार-त-एइ', मी तुला सांगेन. हे नातीच्या गोष्टीच्या पुस्तकात आलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. तुम्ही आत जाऊन डब्यातली शेंगापोळी घेऊन आलात, फोनसमोर धरलीत, तोडून आतलं सारण दाखवलंत आणि म्हणालात, "हे बघ. वरची पोळी म्हणजे सांगेन. आतलं सारण म्हणजे तुला." पोरीला एका दमात कळलं. मलाही. मग ती म्हणाली, आता ती पोळी पाठव.

या सगळ्यात मी रेवाशी एकदाही बोललो नाही. जवळजवळ दोन वर्षं. तिला माझा हात दिसायचा फक्त, कागद सरकवणारा. ती विचारायची, "आजी, हात कुणाचा?" आणि तुम्ही सांगायच्या, "भाऊसाहेबांचा. हुशार हात आहे."

का बोललो नाही ते तुम्हाला माहीत होतं. कितीतरी वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मला चौथीच्या वर्गावर पाठवलं होतं, गुरुजी आले नव्हते म्हणून. मी आत गेलो, "पुस्तकं काढा" म्हणालो, आणि चाळीस मुलांनी पुस्तकं काढून माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं वाक्यच सापडेना. मुलं आधी गप्प, मग खुसखुसली, मग हसली. तुम्ही शेजारच्या वर्गातून आलात, "भाऊसाहेब, ऑफिसात तुमचा फोन आहे" म्हणालात आणि वर्ग हातात घेतलात. ऑफिसात फोन नव्हता. स्टाफरूममध्ये तुम्ही ही गोष्ट कधी काढली नाहीत, चेष्टेतसुद्धा नाही, आणि तुम्ही चेष्टा कशाची सोडत नव्हता. त्याचे आभारही मी कधी मानले नाहीत. आज मानतो.

मग तुमच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलं. कुणाला सांगत होते, देव जाणे. शनिवारी मी आणि शकू भेटायला आलो तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"उद्या रविवार. रेवाची मंगळवारी तोंडी परीक्षा आहे, सगळ्या वर्गासमोर. दहा शब्द तिचे अजून कच्चे आहेत. तुम्ही घ्या."

"मी?"

"हात आहे की हुशार. त्याला तोंड जोडा."

मी हो म्हणालो. तुमच्या नाकात नळी होती, नाही कसं म्हणणार? रविवारी पावणेचारला मी टेबल पुसलं, कागद लावले, श्रीनिवासचा नंबर काढून ठेवला. चार वाजले. सव्वाचार. त्या पोरीचं सगळं वर्ष त्या दहा शब्दांवर अडलेलं होतं आणि माझा अंगठा फोनवर टेकेना. शकू स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचं माहेर नातेपुत्याचं, तिला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही. "आवो, लावा की. पोरगी काय खाती व्हय तुमाला?" मी म्हणालो, लावतो. साडेचारला मी कागद उचलून कपाटात ठेवले आणि बाजारात भाजी आणायला गेलो. भाजी घरात होती.

सोमवारी तुम्ही विचारलंत, "झाला तास?"

"झाला," मी म्हणालो.

"कुठं अडली?"

"कोंतार-त-एइ ला अडली," मी म्हणालो. तो एकच शब्द त्या वेळी ओठांवर आला. मग मी सांगतच सुटलो. ती कशी अडली, मी कशी टाळी वाजवली, दुसऱ्यांदा कसं जमलं, शेवटी दहाचे दहा कसे बरोबर आले. शोकसभेत चार शब्द बोलणारा मी, दवाखान्यात पाच मिनिटं न थांबता बोललो. तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "छान घेतलात तास." मग तुमच्या वाटीतली मोसंबीची फोड मला दिलीत. मी ती खाल्ली, बाई. ते मला सगळ्यात जास्त लागतं.

गुरुवारी तुम्ही गेलात. श्रीनिवास एकटाच आला, दिवस करून परत गेला. मी त्याला रेवाच्या परीक्षेचं विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पंधरा दिवस मी रविवारी दुपारी चार वाजता घराबाहेर असायचो.

काल मात्र पाय मुरगळला होता म्हणून घरात अडकलो. चारला फोन वाजला. शकूनं उचलला, पाहिला, आणि माझ्यासमोर टेबलावर उभा करून ठेवला. समोर तुमची नात. दोन वेण्या, पुढचा एक दात नवा.

"भाऊसाहेब? तू पूर्ण दिसतो आज!"

"हो," मी म्हणालो. पुढचं वाक्य अर्थातच नव्हतं.

"त्या दोमिंगूला तू फोन नाही केला." दोमिंगू म्हणजे रविवार, एवढं मला येतं. मी शकूकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती.

"मग आजीनी केला," रेवा म्हणाली. "हॉस्पिटलमधून. दुसऱ्याच्या फोनवर. तिनी विचारला, भाऊसाहेबांनी तास घेतला? मी म्हटला नाही. मग तिनी घेतला. टाळी नाही, एक बोट पलंगावर, टक टक टक. नर्स ओरडली. आजी म्हणाली, दोनच शब्द राहिले."

म्हणजे रविवारी संध्याकाळीच तुम्हाला माहीत होतं. आणि सोमवारी तुम्ही मला विचारलंत, कुठं अडली. पहिलीतलं पोर कोरी पाटी लपवून 'लिहिलं' म्हणायचं तेव्हा तुम्ही त्याला 'वाच बघू' म्हणायच्या आणि ते जे काही वाचेल ते शांतपणे ऐकून घ्यायच्या, हे मी ऑफिसच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघितलेलं. मला कळायला हवं होतं.

"आणि परीक्षा?" मी कसंबसं विचारलं.

"बोलली ना मी. सगळ्यांसमोर. दहा." मग तिनं आवाज खाली आणला, तुमच्यासारखाच. "आजी म्हणाली, भाऊसाहेबांना रागवायचं नाही. त्यांना वेळ लागतो. ते येणार. पण तू आलाच नाही, आलाच नाही. मग मीच केला फोन. तू रडतो का?"

"नाही, सर्दी आहे," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. पण हे तिथल्या तिथं पकडलं गेलं, कारण शकू मागून म्हणाली, "सर्दी न्हाय बाळा, रडत्यात त्ये. रडू दे जरा." आणि तिनं पंख्याकडे बघणं सोडून स्वतःही तेच सुरू केलं.

मग तुमच्या नातीनं वही उघडली आणि नवा धडा वाचायला घेतला. मी कागद शोधायला उठलो तर म्हणाली, कागद नको, टाळी. मी वाजवली. ती म्हणाली, ऐकू नाही आलं. मी परत वाजवली. एका शब्दावर मी चुकीच्या जागी बुक्की मारली आणि ती इतकी हसली की फोन आडवा पडला आणि दहा मिनिटं मला फक्त त्यांचं छत दिसत होतं. मी छताकडे बघून टाळ्या वाजवत राहिलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावून गेलं.

बाई, त्या रविवारी मी फोन केला नव्हता. मला भीती वाटली होती. तुम्हाला ठाऊक होतं, पण तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी सांगितलं नाही. आता सांगितलं. काल मात्र मी एक तास दहा मिनिटं बोललो. शकूला विचारा.